शेटची टाकी हिरवी झाली तेव्हा

माजं शिक्षण विचाराल तर पाऊस थांबायची वाट बगत शाळेच्या वळचणीला उभा राहिलो, तेवढंच. पेणच्या खाडीकडं आमची मिठागरं. आमची म्हंजे आमची नाय, आमी त्यात राबायचो. आजा राबला, बाप राबला, मी राबल्यासारखं केलं. एका वर्षी उधाणाला बांध फुटला, वाफे गाळानं भरले, आन मालकानं आगर सोडून दिलं. गावातली बाकीची माणसं कामाला कुटं कुटं गेली. मी बायकोकडं गेलो.

बायको माजी कोलाडच्या आतल्या गावची, भातवाल्यांची. ती आधीपासनं कासूच्या पुढं, डोंगराच्या पायाला, मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर जेवण करायला होती. बंगल्यामागं एक खोली तिला दिलेली. त्या खोलीत मी पाहुण्यासारखा जायचो. मिठागर गेल्यावर पाहुणा उठलाच नाय.

बंगल्याला पोहायची टाकी होती. स्विमिंगपूल म्हणायचे ते, आमी टाकीच म्हणायचो. निळ्या लाद्या, उतरायला पायऱ्या, तळाला मधोमध एक लोखंडी जाळी. ती टाकी बगणारा माणूस दुबईला चालला. शेट म्हणाले आता दुसरा शोधायला पायजे. बायको चहा घेऊन उभी होती. ती बोलून गेली, "शेट, आमचे हे हायत ना. जन्म पाण्यात गेलाय त्यांचा."

शेटनी माज्याकडं वरपासनं खालपर्यंत बगितलं. "पाण्यातलं काय कळतं तुला?"

"सगळं," मी म्हणालो.

येवढा मोठा शब्द मी त्याच्या आधी कदी वापरला नव्हता, त्याच्यानंतर पण नाय.

शेट बायकोकडं वळले. "बाई, तुमच्या शब्दावर ठेवतो. पण पाणी बिघडलं तर मला दुसरं जोडपं बघावं लागेल. खोली एकच आहे, तिच्यात दोन संसार नाही मावत."

"नाय बिघडायचं," ती म्हणाली.

बारा वर्सं ती तिकडं होती. बारा वर्सांत तिनं शेटकडं काय मागितलं नव्हतं. मागितलं ते मला मागितलं. आता माणसाची येकदा चूक होतेच.

दुबईवाल्यानं जायच्या आधी मला सगळं दाखवलं. बाजूला पत्र्याची खोली, तिच्यात मोटर आन पिंपायेवढा मोठा गोल डबा. डब्यात वाळू. तो म्हणाला, "सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास मोटर चालवायची. टाकीतलं पाणी या वाळूतनं जातं, साफ होतं, परत टाकीत येतं. दोन दिवसांनी ही पावडर टाकायची. बस." मी मान हलवत होतो. मान हलवायला शाळा लागत नाय.

तो गेला आन मी विचार करायला बसलो. हे माजं वाईट हाय. न बसता गेलो असतो तर पुढचं काय झालं नसतं.

मिठागरात पहिला धडा काय, तर पाणी हलवायचं नाय. भरतीचं पाणी उघाडीतनं, म्हंजे बांधाच्या दारातनं, आत घ्यायचं, एका वाफ्यातनं दुसऱ्यात सोडायचं, आन मंग त्याच्याकडं बगत बसायचं. उभं पाणी पिकतं. पहिलं ते मातकट दिसतं, मंग शेवाळी होतं, मंग तांबूस, मंग वर पापुद्रा धरतो आन खाली मीठ बसतं. मधी कोणी पाय घातला की मोडलं सगळं. ल्हानपणी मी एकदा वाफ्यात उगाच पाय आपटला तर बापानं मीठ ओढायच्या फळीनंच पोटरीवर दिली होती. मंग मी शिकलो. गप बसण्यात मी आमच्या गावात पहिल्या दोघातिघांत होतो.

आन हा दुबईवाला सांगतो, पाणी दिवसाला आठ तास फिरवायचं. मी म्हणालो, याला पाण्यातलं काय कळत नाय. पाणी फिरून फिरून दमतं. म्हणून मी मोटर बंद ठेवली. पावडर पण ठेवली. कंपनीवाले पावडर खपवायला काय पण सांगतात, येवढं मला समजत होतं.

बायकोला दोन दिवसांनी शंका आली. "अवो, मोटर चालू केली नाय ती?"

"पाणी बसू दे जरा."

"बसलेलं पाणी कुजतं. आमच्याकडं कालव्याचं पाणी एक दिस थांबलं तर खाचरात वास मारतो. पाणी वाहतं पायजे."

"तुमी भातवाले. या बांधावरनं त्या बांधावर पाणी ढकलायचं आन घरी जायचं. त्याला पाणी कळणं म्हणत नाय, गो."

"आन तुमी काय करता?"

"आमी बगतो."

"ते दिसतंय," ती म्हणाली.

त्याच्यानंतर तिनं विचारलं की मी सांगायचो, सकाळी चालवली होती. स्वयंपाकघर बंगल्याच्या दुसऱ्या अंगाला. तिला काय मोटरचा आवाज येत नव्हता. ती इश्वास ठेवून गेली.

नवरात्र सरलं, ऊन तापायला लागलं. पहिल्या दिवशी टाकीच्या कडेला एक हिरवी रेघ दिसली. मी खूश झालो. पाणी धरायला लागलं म्हणालो. तिसऱ्या दिवशी खालच्या पायऱ्या दिसेनात. आठवड्यानं तळ गेला, जाळी गेली, आन पाणी शेवग्याच्या पाल्याच्या भाजीसारखं दिसायला लागलं. लाद्यांना हात लावला तर बुळबुळीत. बेडूक आले. पहिला एक आला, त्यानं बगून जाऊन बाकीच्यांना सांगितलं असणार.

गोड्या पाण्याचं मीठ होत नाय, हे मला माहीत होतं. तेवढा मी येडा नव्हतो. पण हिरवं झालं म्हंजे आता तांबूस होणार, आन तांबूस झालं की सगळं खाली बसणार आन वर निवळ राहणार, असा माजा अंदाज. रोज सकाळी मी काठावर उकिडवा बसायचो आन तांबूस रंग शोधायचो. बेडूक माज्याकडं बगायचे. आमी सगळे वाट बगत होतो.

शनिवारी दुपारी फोन वाजला. फोन स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत होता. बायको कणीक मळत होती म्हणून मी उचलला. शेट होते. म्हणाले, पुढच्या रविवारी येतो, पाहुणे हायत, पोरं हायत, सगळी पोहणार. "पाणी कसं आहे?"

"आरशासारखं," मी म्हणालो.

फोन ठेवला. बायको पिठाच्या हातानं दारात उभी होती. तशीच ती टाकीकडं चालायला लागली. दिवाळीच्या साफसफाईत पंधरा दिवस तिला तिकडं जायला झालं नव्हतं. मी मागनं गेलो. काठावर ती बराच वेळ उभी राहिली. एक बेडूक पायरीवरनं पाण्यात गेला, आन जिकडं गेला तिकडं शेवाळ बाजूला झाली आन परत मिळून आली.

"आरशात जरा तोंड बगून घ्या," ती म्हणाली आन परत कणीक मळायला गेली.

आता मला भीती वाटली. खोटं नाय सांगत, तिची वाटली, शेटची मागनं वाटली. मी ठरवलं, तिच्या आधी आपणच काय तरी करायचं. माणूस पाण्याकडं बगतो तेव्हा बगतो काय, तर रंग. शेटला निळा रंग पायजे. पेणच्या बाजारात कपड्यांची नीळ मिळते. मी रविवारी जाऊन पिशवी भरून नीळ आणली. दुकानदार म्हणाला, "कोणाची वरात हाय काय?" मी म्हणालो, व्हय, तशीच.

नीळ काठावरनं टाकली तर ती एका जागी धरून राहिली. म्हणून मी धोतर खोचून पायऱ्यांवरनं आत उतरलो आन पाय मारमारून पसरवली. हिरव्यात निळं घातल्यावर काय होतं ते मला आज पण नीट सांगता येत नाय. असा रंग मी दुसरीकडं कुटं बगितला नाय. बेडकांनी पण वरती डोकी काढली.

बाहेर आलो तर घोट्यापासनं गुडघ्यापर्यंत पाय निळे. साबण लावला, राख लावली, नारळाचा काथ्या घासला. कातडी लाल झाली, नीळ राहिली. सोमवारी सकाळी कासू स्टेशनच्या चहाच्या टपरीवर गेलो तर सगळे माज्या पायांकडं बगतात.

"काय रे, स्वताचे पाय कुटं ठेवलेस? हे कोणाचे घालून आलास?"

दुसरा म्हणाला, "देव व्हायला लागलाय तो. खालनं सुरवात केलीय."

मी चहा पिऊन आलो. आल्यावर बायकोनं पायांकडं बगितलं आन म्हणाली, "भावाला निरोप धाडलाय. उद्या पहिली पाळी सुटली की येतो तो."

तिचा भाऊ रोह्याच्या एका कंपनीत कामाला. रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात राहायचा. बॉयलरला जे पाणी लागतं ते साफ करायचं खातं त्याच्याकडं. दहावी झालेला माणूस, बोलायला जाम तिखट. माज्या लग्नात त्यानं माजा कान पिळला होता तो नंतर सोडलाच नाय असं मला वाटायचं.

मंगळवारी तीन-साडेतीनला स्कूटर आली. तो सरळ टाकीवर गेला. खिशातनं हात काढून कमरेवर ठेवले.

"दाजी, हे काय?"

"पाणी."

"पाणी कुटं हाय?"

त्यानं काचेचा गिलास मागितला, बुडवून उन्हात धरला. "ही शेवाळ. जिती हाय. तुमी पाळलीत. चारा-पाणी काय घालता तिला?"

"नीळ घातलीय दोन दिवसांपूर्वी," बायको म्हणाली.

"ते पाय बगून समजलं." मंग त्यानं माज्याकडं बगून विचारलं, "मोटर दिवसाला किती वेळ चालवता?"

मी डोंगराकडं बगितलं. त्या दिवशी डोंगर जाम साफ दिसत होता.

तो पत्र्याच्या खोलीत गेला. आतनं त्याचा आवाज आला, "ताय, हिकडं ये गो." आमी दोघं गेलो. मोटरच्या पंख्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं, पावडरीच्या डब्याचं झाकण जसंच्या तसं. "दाजी, कोळ्याचं घर मोडंल म्हणून चालवली नाय काय?"

मी मिठागराचं सांगायला लागलो. उभं पाणी, तांबूस रंग, बाप, फळी. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मंग म्हणाला, "दाजी, तिकडं तुमाला पाण्यातनं मीठ काडायचं होतं. हिकडं शेटच्या पोरांना बाहेर काडायचंय, पोहून झाल्यावर."

बायको पुढं झाली. ती मोटरकडं बगत होती. मंग म्हणाली, "बारा वर्सांत त्या शेटनं मला कालवणात मीठ कमी हाय म्हणून पण सांगितलं नाय." मला नाय म्हणाली, भावाला पण नाय. मोटरला म्हणाली. आन भात उतरवायला गेली.

भावानं बाह्या वर केल्या. "रविवारपर्यंत होईल. पण मी सांगतो तेवढंच करायचं. विचार करायचा नाय."

"नाय करत," मी म्हणालो. हे मात्र मी मनापासनं म्हणालो.

आधी हातातल्या जाळीनं वरचा पाला आन शेवाळीचे लोंबते तुकडे काडले. बेडूक बादलीत भरून मागच्या ओढ्यात सोडले. दोन परत आले, त्यांना परत सोडले. मंग लांब दांड्याच्या ब्रशानं भिंती, पायऱ्या घासल्या. "घासायचं का? पावडर टाकतोय ना," मी विचारलं. भाऊ म्हणाला, "भांड्याला खरकटं चिकटलेलं असलं तर ताय नुसता साबण ओतते काय वरनं?" म्हणून घासलं. घासल्यावर पाणी आणखी घाण झालं. मला वाटलं आता माजी नीळच बरी होती.

ऊन उतरल्यावर पावडर. उन्हात टाकली तर तिची ताकद जाते, म्हणून दिवस कलल्यावर. भावानं तीनतीनदा सांगितलं, "बादलीत आधी पाणी, मंग पावडर. पावडरीवर पाणी ओतायचं नाय. दुसरं काय तिच्यात मिसळायचं नाय. आन तोंड लांब धरायचं."

मी झाकण उघडलं. खाडीकडचा माणूस, बाजारात बोंबील ताजा हाय काय ते बगायला नाक घालायची सवय. घातलं. पुढचं मला आठवत नाय, बायको सांगते. मी तीन हात मागं जाऊन बसलो आन डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. भाऊ म्हणाला, "ताजी हाय काय, दाजी?"

त्या संध्याकाळपासनं मोटर चालू झाली ती बंद नाय. वाळूच्या डब्यात घाण अडकली की आतला दाब वाढतो, काट्यावर दिसतं. मंग मोटर बंद करून डब्याचं हँडल फिरवायचं आन परत चालू करायची, म्हंजे पाणी उलट जातं आन वाळू धुतली जाते. धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात. पहिल्यांदा ते असं हिरवं गेलं की शेणाचा काला वाटावा. मी दिवसातनं चार वेळा वाळू धुवायचो. पहाटे उजाडायच्या आधी उठून पहिली धुणी, मंग मोटर चालू, मंग चहा. काम मला जमायला लागलं होतं. तिथंच घोळ झाला.

बुधवारी हिरवा रंग फिकट झाला. गुरवारी सकाळी बगतो तर हिरवं नाय, पण दूध. टाकीभर पातळ ताक ओतल्यासारखं. पहिली पायरी दिसायची, दुसरी अंदाजानं. मी बायकोला बोलवून दाखवलं. ती म्हणाली, "शेट ताकात पोहणार काय?"

संध्याकाळी भाऊ आला. म्हणाला, "शेवाळ मेली. मेलेली लटकतेय पाण्यात, येवढी बारीक की वाळूतनं पण निसटते. आता तुरटी." रोह्याच्या बाजारातनं त्यानं तुरटी आणलेली. बायकोनं ती कुटली, कोमट पाण्यात विरघळवली, आन आमी सगळीकडं शिंपडली. मोटर थोडा वेळ फिरवली, मंग त्यानं स्वता बंद केली.

"आता उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाय. घाण गोळा होऊन तळाला बसंल. पाणी उभं ठेवायचं."

"काय ठेवायचं?"

"उभं."

मी बायकोकडं वळलो. "ऐकलंस गो?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आता उभं. आधी नाय."

तरी मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी पहाटे जाग आली. कान दिला तर मोटरचा आवाज नाय. दोन रात्री त्या आवाजात झोपलेला माणूस मी. वाटलं, बंद राहिली, परत माज्या हातनं राहिली, आता ही काय म्हणंल. अर्धा झोपेत, अर्धा भीतीत, पत्र्याच्या खोलीत गेलो आन खटका दाबला. मोटर लागली. मी बाहेर येऊन दगडावर बसलो. सांगायला न लागता केलेलं ते माजं पहिलं काम. मी बिडी पेटवली.

उजाडलं तसं टाकीत बगितलं. तळाला रातभर बसलेला गाळ पिंजलेल्या कापसासारखा वर येत होता. कडेनं, मधनं, सगळीकडनं. मधी क्षणभर जाळी दिसली. मंग नाय दिसली.

बायको आली ती आवाजानं. तिनं आधी मोटर बंद केली. मला वाटलं आता शिव्या पडणार, मी मान खाली घालून तयार होतो. ती म्हणाली, "चावी."

पत्र्याच्या खोलीची चावी माज्या बंडीच्या खिशात असायची. दिली. तिनं कुलूप लावलं, चावी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आन पदर कमरेला खोचला. मंग म्हणाली, "दोन दिस हायत." तिचा आवाज नेहमीसारखा होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. सकाळच्या भाकऱ्या झाल्यावर ती खोलीत गेली आन ट्रंकेतले कपडे वरखाली करायला लागली. मी विचारलं, काय शोधतेस. "शोधत नाय. किती हायत ते बगते. बांधायचे झाले तर एका फेरीत जातील काय."

संध्याकाळी भाऊ आला. त्याला तिनं सांगितलं. तो काठावर बसला, चपला काडल्या. मंग म्हणाला, "दाजी, आमच्या कंपनीत जिथं धोका असतो तिथं पाटी लावतात. हात लावू नये म्हणून. तुमच्या गळ्यात एक घालायला पायजे."

"घाल," मी म्हणालो.

"घातली असती. तुमाला वाचता कुटं येतंय."

उरलेली तुरटी परत घातली. शनिवारी दिवसभर मी टाकीच्या काठावर राखणीला होतो. राखण मोटरची नाय, तिची चावी पदरात होती. राखण बेडकांची. ओढ्यातले ते दोघं परत आले होते. एकाला मी गवतातच धरला. दुसरा सरळ काठाकडं आला, तेव्हा मी असा काय धावलो की मीच पाण्यात जाणार होतो. शेवटच्या लादीवर थांबलो. माणूस पडता पडता थांबतो तेव्हा हात कसे फिरवतो, ते बायको बंगल्याच्या कोपऱ्यावरनं बगत होती. हसली नाय. त्या आठवड्यात ती हसलीच नाय.

तीन वाजता भावानं पाइपाला चाकाचा ब्रश लावला. मोटर लावून तळाचा गाळ ओढून सरळ बाहेर टाकायचा, वाळूत पण नाय घालायचा. "हे ज्यानं करायचं त्यानं घाई करायची नाय. ब्रश जरा जोरात सरकला की परत ढवळणार. माजा हात कापतो स्कूटर चालवून. दाजी, तुमी करता काय?"

मी बायकोकडं बगितलं. तिनं भावाकडं बगितलं. मंग कुलूप उघडून ती खटक्यापाशी उभी राहिली आन म्हणाली, "करा."

वाफ्यातलं मीठ ओढताना खालची माती वर येऊ द्यायची नसते. मी ब्रश तसा ओढला. इतका हळू की मधी भावानं विचारलं, "दाजी, झोपलात काय?" एक पट्टा ओढायला अर्धा तास. माज्या शेजारनं काठावरनं एक गोगलगाय निघाली होती, ती समोर पोचली तेव्हा मी अजून मधी होतो. खोटं वाटंल, पण भाऊ साक्षी हाय. पाच वाजले, सहा वाजले. बायको खटक्यापासनं हलली नाय. मला आवाज देऊन तिनं येकदाच विचारलं, "अजून हाय काय?" मी म्हणालो, हाय. भाऊ म्हणाला, "उजेड हाय तोपर्यंत करा."

उजेड होता तोपर्यंत झालं. भाऊ काठावर पालथा पडून तळाकडं बगत होता. "जाळी दिसतेय," तो म्हणाला. "भोकं?" बायकोनं आतनं विचारलं. "भोकं पण. मोजून सांगू काय?" "नको," ती म्हणाली आन खटका बंद केला.

रविवारी दहाच्या सुमाराला दोन गाड्या आल्या. पोरं धावत टाकीवर. शेट चालत आले, गॉगल काडून पाण्यात बगितलं. मी बंडी घालून उभा होतो, पायांवर अजून थोडी नीळ होती म्हणून उंच गवतात उभा होतो.

"वा," शेट म्हणाले. "बाई सांगत होत्या ते खरंच. पाण्यातलं कळतं तुला."

मी काय बोललो नाय. माज्या मानानं ते जाम होतं.

"आता मोटर चालू कर बघू. पोरं उतरतायत."

मी खिशात हात घातला. खिशात बिड्या होत्या. शेट वाट बगत होते. मी बंगल्याच्या कोपऱ्याकडं बगितलं. बायको त्या दिवशी पाटा तिकडं घेऊन वाटण करत होती, तिनं ऐकलं होतं. हात धुवून ती आली, पदराची गाठ सोडली, कुलूप उघडलं, खटका दाबला, काट्याकडं बगितलं आन बाहेर येऊन उभी राहिली.

शेट तिच्याकडं बगत होते, मंग माज्याकडं. "मोटर तुम्ही बघता?"

"व्हय."

"आणि पावडर?"

"मी टाकते. ऊन उतरल्यावर."

पोरं पाण्यात उड्या मारत होती. मी ट्रंकेतल्या कपड्यांचा विचार करत होतो.

"मग हा काय करतो?"

बायको वळली. ती माज्याकडं बगत होती, आन मला वाटलं ती आता काय पण बोलली तरी ते खरंच असणार.

"पाला काडतात," ती म्हणाली. "पाला चांगला काडतात."

शेटनी मान हलवली. "ठीक आहे. असू दे दोघं," म्हणाले आन शर्टाची बटणं सोडत टाकीकडं गेले. ती वाटणाकडं गेली. शिरीषाचं एक पान तेवढ्यात पाण्यात पडलं होतं. मी जाळी घेतली.